झाकली मूठ दोनशे सीसीची

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनचं पोस्टर आहे. चपट्या नाकाची, दोन रंगांची, हिप्पी लोक युरोपातून थेट गोव्यापर्यंत जिच्यातून यायचे तीच ती. पोस्टरवरून मेसमध्ये दर आठवड्याला एक वाद होतो : हिच्यात पोर्शचं इंजिन टाकलं तर? वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही ती व्हॅन प्रत्यक्ष पाहिलेली नाही, ही गोष्ट अलाहिदा.

तसं म्हटलं तर वाद अगदीच हवेतला नाही. 1970च्या दशकात व्हॅनला जे मोठं एअर-कूल्ड इंजिन मिळालं, त्याच जातीचं इंजिन पोर्श 914 मध्येही होतं. दोन लिटरचं ते इंजिन 914 मध्ये साधारण 95 ते 100 अश्वशक्ती द्यायचं आणि व्हॅनमध्ये 70च्या आसपास. क्षमता तीच, मग तीस घोडे गेले कुठे? कुणी चोरले नाहीत. व्हॅन जड, समोरून भिंतीसारखी, आणि इंजिन मागे डब्यात बंद. त्याला दिवसभर ओझं ओढायचं होतं. म्हणून खुद्द कंपनीनेच त्याला शांत ठेवलं. आपण मात्र कंपनीपेक्षा हुशार.

मुंबईत आपल्यापैकी कुणाला ती व्हॅन मिळायची नाही. पण तोच किडा आपल्याकडे दोन चाकांवर वळवळतो. माझ्या डोक्यातला लॅम्ब्रेटाच्या रूपाने आला.

लालबागला माझा मामा राहतो. मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, मिल बंद झाल्यावर एका लेथवर संसार काढला. त्याच्याकडे एपीआयची लॅम्बी आहे, म्हणजे आपल्या भांडुपच्या कारखान्यात बनलेली लॅम्ब्रेटा. 148 सीसी, साडेसहा अश्वशक्तीच्या घरातली. डबलसीट बसून परळचा चढ चढताना ती अशी धापा टाकते की मागच्याने उतरून चालावं असं वाटतं. लखनौच्या स्कूटर्स इंडियाने याच घराण्यातलं 200 सीसीचं इंजिनही बनवलं होतं. स्ट्रोक दोन्हींचा 58 मिमी. बोअर मात्र 57 च्या जागी 66. गुणाकार तुम्ही करा, परीक्षेत येतो. शक्ती पावणेदोन पट. गंमत म्हणजे ते इंजिन जुन्या सांगाड्यात तसंच्या तसं बसतं. नुसता सिलिंडर बदलून भागत नाही, कारण 200 च्या केसिंगचे स्टड वेगळ्या अंतरावर असतात. म्हणून अख्खं इंजिनच घ्यावं लागतं, आणि लखनौच्या स्कूटरचं उत्पादन 1997 मध्येच थांबल्यामुळे ते जुनंच घ्यावं लागतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी ते घेतलं. ओळखीच्या ओळखीतून. चाळीस हजार, त्यात बावीस माझ्या इंटर्नशिपचे, अठरा मामाचे. विकणाऱ्याने सांगितलं, "ट्यून केलेलं आहे भाऊ, पोर्ट कापलेत, नवीन बोअर आहे." मी हेड उघडून दाखवा म्हणालो तर म्हणाला, "कंपनी फिटिंग आहे, उघडलं की मजा गेली. आवाज ऐका ना!" मी आवाज ऐकला. आवाज झकास होता. मामाला सोबत न्यायला हवं होतं, पण मामा आला असता तर सौदा झालाच नसता हे मला ठाऊक होतं. म्हणूनच नेलं नाही. हे कबूल करायला मला बरेच महिने लागले.

तीन आठवडे स्वर्ग होता. दादर टीटीपासून लालबागपर्यंत स्कूटर अशी धावायची की टॅक्सीवाले मान वळवून बघत. चौथ्या आठवड्यात, दुपारी, हिंदमाता सोडून भारतमाताकडे येताना इंजिन सीझ झालं. टू-स्ट्रोक सीझ होतं म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटतो, क्रँक थांबतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. त्या क्षणी क्लच दाबला तर चाक सुटतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं. हात क्लचवर जाईपर्यंत आम्ही रस्त्यावर होतो. मी खरचटण्यावर निभावलो. मागे बसलेल्या माझ्या रूममेटचं कॉलरबोन मोडलं. मागून येणारी बेस्टची बस वेळेत थांबली म्हणून हा लेख लिहितोय. केईएम जवळ होतं. त्याच्या प्रॅक्टिकल परीक्षा दहा दिवसांवर होत्या. त्या बुडाल्या.

नंतर मामाने इंजिन उघडलं. मला काही बोलला नाही, नुसता एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडत गेला. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडाला चिकटलेलं. त्याखाली आधीचे उभे ओरखडे, पॉलिश पेपरने घासून लपवलेले. म्हणजे ते इंजिन आधीही एकदा सीझ झालं होतं. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील दगडासारखं कडक. तिथून हवा आत ओढली जात होती, मिश्रण पातळ होत होतं, पातळ मिश्रण गरम जळत होतं. आणि पंख्याची हवा सिलिंडरवर फिरवणारं जे पत्र्याचं आवरण असतं, त्याचा एक कोपरा तुटलेला. थंड हवा पंखांवरून जायच्या ऐवजी बाहेरच पळत होती. त्या फोक्सवॅगनचंही दुखणं नेमकं हेच असतं. इंजिनभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या नसल्या की तापलेली हवाच पंखा पुन्हा आत ओढतो. एअर-कूल्ड इंजिनात पत्रा हा शोभेचा भाग नाही, तो रेडिएटर आहे. पाणी असलं की चूक थोडा वेळ पोटात घालतं. हवा घालत नाही.

"नवीन बोअर" मी आपल्या मेट्रोलॉजी लॅबमध्ये मोजला. वरचा भाग आणि एक्झॉस्ट पोर्टची पातळी यांच्यात व्यासाचा फरक 0.16 मिमी. ज्या बोअर गेजने मी दुसऱ्या वर्षी जर्नल भरलं होतं, त्याच गेजने मोजायला मला दहा मिनिटं लागली. सौद्याआधी ही दहा मिनिटं दिली असती तर चाळीस हजार वाचले असते, आणि एक हाड.

आता माझं मत. "जुन्या गाडीला हात लावू नका, आहे तशीच ठेवा" असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण त्यासाठी इंजिन मूळचं लागतं आणि ती गाडी रोज चालवता येत नाही. ज्याला तशी हवी त्याने मूळ इंजिन जपावंच. मामाला स्कूटर भाजी आणायला लागते. त्याला 200 चं इंजिन असायला काहीच हरकत नाही. माझी हरकत आहे ती "ट्यून केलेलं" या शब्दाला जादा पैसे मोजण्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, बंद इंजिनाचं तेच. लॅम्ब्रेटाचं हेड चार नटांवर असतं. जो चार नट उघडू देत नाही, त्याच्याशी भावाची बोलणीसुद्धा करू नयेत. गॅस्केट फुकट जाईल म्हणाला तर गॅस्केटचे पैसे आपण द्यावेत. कनेक्टिंग रॉड वरखाली ओढून पाहावा. बाजूला थोडा हलला तर चालतो, वरखाली जरासुद्धा हलता कामा नये. पंखे तुटलेत का, केसिंगला वेल्डिंग आहे का, सगळं उजेडात न्यावं. रात्री इंजिन घेऊ नये, मामाचा हा नियम मला आधी अंधश्रद्धा वाटायचा.

आणि ब्रेक. इटलीत लॅम्ब्रेटाच्या टीव्ही आणि एसएक्स 200 ला कंपनीने पुढे डिस्क दिली होती. आपण शक्ती 200 ची घेतो आणि ड्रम मामाच्या लॅम्बीचा ठेवतो. वेगाचा वर्ग होतो, ड्रमचा होत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम. मी ताडदेवला गेलोच नव्हतो. विकणाऱ्याकडे ज्या स्कूटरचं इंजिन होतं तिच्या आरसीची प्रतही मागितली नव्हती. ते इंजिन चोरीचं निघालं असतं तर? अपघातानंतर पोलिसांनी नंबर ताडून पाहिला असता तर? नशीब म्हणायचं, दुसरं काय.

मित्रांनो, आपल्या मेट्रोलॉजी लॅबला शनिवारी कुलूप असतं. बोअर गेज, मायक्रोमीटर, सरफेस प्लेट, सगळं आत. दर वर्षी साठ मुलं तोच एक नमुना सिलिंडर मोजतात, आणि त्याची रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतात (सर, तुम्हालाही माहीत आहे). दुसरीकडे हॉस्टेलमधली निदान दहा-बारा मुलं आरएक्स, येझदी, लॅम्ब्रेटाच्या जुन्या इंजिनांवर घरचे पैसे लावतायत, कान लावून, आवाज ऐकून. शनिवारी दोन तास लॅब उघडी ठेवा, रजिस्टर ठेवा, ज्याला जे मोजायचं ते मोजू द्या. सरांना विचारलं तर म्हणाले, लेखी दे. लेखी दिलंय. खाली एकोणीस सह्या आहेत. पहिली सही रूममेटची, डाव्या हाताने केलेली, कारण तेव्हा उजवा गळ्यात होता.

मामाने सिलिंडर पुढच्या ओव्हरसाइझला रिबोअर करून आणलाय, नवीन पिस्टन, नवीन सीलं. पत्र्याचा कोपरा त्याने स्वतः ठोकून बनवला. इंजिन माळ्यावर ठेवलंय. पुढचा ब्रेक होईपर्यंत ते खाली काढायचं नाही असं त्याचं म्हणणं आहे, आणि ब्रेकचे पैसे मी द्यायचे आहेत.