विश्लेषण: मोबाइलमधलं लिनक्स मधेच बंद का पडतं? 'सिग्नल ९' ही नेमकी भानगड काय?

मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटी आणि कम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात लिनक्सला जागा मिळालेली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधली पदवी कॉलेजं याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पण कॉलेजची लॅब प्रॅक्टिकलपुरती. घरी लॅपटॉप नसेल तर सराव करायचा कुठे? बऱ्याच जणांकडे त्याचं एकच उत्तर असतं, हातातला फोन. आणि फोनवर लिनक्स म्हटलं की पहिलं नाव येतं टर्मक्सचं.

टर्मक्स हे मोफत, मुक्त स्रोत अ‍ॅप आहे. फोन रूट न करता त्यात पायथन, गिट, सी कम्पायलर, अगदी वेब सर्व्हरही चालतो. मग एक दिवस काम ऐन रंगात असताना स्क्रीनवर ओळ उमटते: 'प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल ९'. सगळं ठप्प.

चूक कोणाची?

बहुतेक वेळा चूक ना विद्यार्थ्याची असते, ना टर्मक्सची. सिग्नल ९ म्हणजे लिनक्समधला असा हुकूम, जो कोणत्याही प्रोग्रामला अडवता किंवा टाळता येत नाही. इथे तो हुकूम अँड्रॉइड सोडतं.

२०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ मध्ये गूगलने एक नवा पहारेकरी बसवला. एखाद्या अ‍ॅपने आपल्या पोटात सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर तो नजर ठेवतो. अशा प्रक्रिया ३२ पेक्षा जास्त झाल्या की जास्तीच्या मारून टाकतो. बॅकग्राउंडमध्ये प्रोसेसर फार वापरणाऱ्यांनाही तो सोडत नाही. यातली मेख अशी की ३२ हा आकडा एका अ‍ॅपचा नाही, सगळ्या अ‍ॅपचा मिळून आहे. बॅटरी वाचवण्यासाठी हे ठीकच. पण टर्मक्समध्ये दिलेली जवळजवळ प्रत्येक कमांड म्हणजे एक उपप्रक्रिया. त्यात उबुंटू किंवा डेबियन बसवून डेस्कटॉप उघडला, तर ३२ चा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

म्हणून फोन फॉरमॅट करून घेण्यात किंवा रॅम कमी पडते म्हणून नवा फोन घेण्यात अर्थ नाही. आठ जीबी रॅमच्या फोनवरही हा नियम तोच.

मग इलाज काय?

अँड्रॉइड १४ आणि त्यापुढच्या फोनवर डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'डिसेबल चाइल्ड प्रोसेस रिस्ट्रिक्शन्स' नावाचं बटण असतं. ते चालू करून फोन रीस्टार्ट करायचा. १३ वर साधारणपणे एडीबीमधून एक कमांड द्यावी लागते. त्यासाठी कम्प्युटरच हवा असं नाही. वायरलेस डीबगिंग चालू केलं की तोच फोन टर्मक्समधून स्वतःलाच जोडता येतो. सगळ्यात अवघड जागा अँड्रॉइड १२ ची. तिथे मर्यादेचा आकडा वाढवता येतो, पण तो पुन्हा पूर्ववत होऊ शकतो.

उल्हासनगरच्या बाजारातून सेकंडहँड फोन घेताना रॅमच्या आधी 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइडचा आकडा बघावा, तो यासाठीच. सरावापुरता अँड्रॉइड ११ चा जुना फोन १२ च्या फोनपेक्षा कमी कटकटीचा ठरतो, कारण हा पहारेकरी त्यात नाहीच. मात्र ११ ला गूगलचे सुरक्षा अपडेट आता मिळत नाहीत, त्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार नकोत. तसंही काही बँकिंग अ‍ॅप डेव्हलपर ऑप्शन चालू दिसले की उघडायलाच नकार देतात. एकच फोन असलेल्या घरात अभ्यास आणि यूपीआय यांची ही ओढाताण खरी आहे, आणि त्यावर सोपा तोडगा नाही.

'पॅकेज सापडत नाही' असं का येतं?

ही दुसरी नेहमीची तक्रार. तिचं मूळ अनेकदा अ‍ॅप कुठून घेतलं यात असतं. अँड्रॉइड १० पासून गूगलने सुरक्षेसाठी नवा नियम आणला: नव्या निकषांवर बनलेल्या अ‍ॅपला स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेला प्रोग्राम थेट चालवता येणार नाही. टर्मक्सचं तर सगळं कामच तसं चालतं. नोव्हेंबर २०२० पासून प्ले स्टोअरवर अपडेट द्यायला हे निकष सक्तीचे झाले आणि तिथली आवृत्ती गोठली. २०२४ मध्ये प्ले स्टोअरवर वेगळी, प्रायोगिक आवृत्ती परतली. तरी मुख्य आवृत्ती मिळते ती एफ-ड्रॉइड आणि गिटहबवर. मित्राने शेअर केलेली जुनी फाइल टाकली असेल, तर ती काढून या दोनपैकी एका ठिकाणाहूनच घ्यावी. त्याआधी आपल्या फाइलींचा बॅकअप घ्यावा. अ‍ॅप काढलं की आतलं सगळं जातं. पूरक अ‍ॅपही त्याच ठिकाणची हवीत, नाहीतर सही जुळत नाही आणि ती बसतच नाहीत.

पुढे काय?

मार्च २०२५ मध्ये गूगलने स्वतःच पिक्सेल फोनवर डेबियनचं लिनक्स टर्मिनल दिलं. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं आणि त्यासाठी फोनच्या हार्डवेअरची साथ लागते. स्वस्त फोनवाल्यांना त्याचा आज उपयोग नाही.

त्यांच्यासाठी महत्त्वाची घोषणा ऑगस्ट २०२५ मधली आहे. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपच्या निर्मात्याने गूगलकडे ओळख पटवून द्यायची, मग अ‍ॅप प्ले स्टोअरबाहेरचं का असेना. फसवी अ‍ॅप रोखणं हे कारण गूगलने दिलं, आणि बनावट फाइल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार पाहता ते पोकळ नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमधून, आणि इतर देशांत २०२७ पासून, असं तेव्हा जाहीर झालं. एफ-ड्रॉइडने याला जाहीर विरोध केला. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या अ‍ॅपसाठी आपण ओळखपत्रं मागू शकत नाही, त्यामुळे आपलं कामच थांबेल, अशी त्यांची भूमिका आहे. टीका वाढल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने जाणकारांसाठी वेगळा मार्ग ठेवण्याचं कबूल केलं. एडीबीमधून अ‍ॅप टाकण्याची वाटही खुली राहील, असं कंपनी म्हणते.

एडीबीची ती वाट वापरायची कशी, हे शिकायचं तर सरावासाठी आधी टर्मिनल हवं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही मोफत ठेवले आहेत.