पानातला विनोद

खाण्याची आवड चारचौघांत बोलून दाखविण्यास थोरामोठ्यांना संकोच वाटत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांना ‘सुदाम्याचे पोहे’ म्हटले. वाचकाला श्रीकृष्णाचा मान दिला आणि स्वतःकडे मूठभर पोह्यांचे दारिद्र्य घेतले. पु. ल. देशपांडे यांनी तर ‘माझे खाद्यजीवन’ या लेखात जिव्हेचे सारे लाड मोकळेपणाने कबूल केले. अशी कबुली ऐकून आपण हसतो, कारण त्या अपराधात आपणही भागीदार असतो!

परंतु हा विनोद रुचावयास पानात अन्न असावे लागते. मोरोपंतांच्या बारामतीस आणि शेजारच्या इंदापुरास हे निराळे सांगावयास नको. १८७६-७७ च्या दुष्काळाने या मुलखाची दैना केली, तेव्हा पोटावरून थट्टा कोणास सुचली असती? पुढे १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. कालांतराने माळांवर ऊस डोलू लागला, गुऱ्हाळे पेटली, गुळाच्या ढेपा बाजारात मिरवू लागल्या. मग जिभेलाही विनोद सुचू लागला.

आणखी एक गोष्ट. “आमचा जन्मच मुळी खाण्यासाठी!” असे यजमान पंक्तीत म्हणतात आणि मंडळी पोट धरून हसतात. त्या वेळी स्वयंपाकघरात शेवटची पोळी लाटणारी मात्र अद्याप उपाशीच असते. वाचकहो, हसावे जरूर. पण आधी तिचे पान वाढावे. खवय्याच्या थट्टेला खरी गोडी येते, ती घरातील सर्वांचे हात धुऊन झाल्यावर!