कुऱ्हाडीआधी कागद

दिवाळीची सुटी लागायच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला मी मुलांना अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतवाल्यांची हकीकत सांगत होतो. एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, तिथं रान मोकळंच होतं ना? ज्यानं कुऱ्हाड चालवली त्याची जमीन!" वर्ग खूश झाला. मीही मान डोलावणारच होतो. कारण लहानपणी मी हेच शिकलो, आणि कादंबऱ्यांतून व चित्रपटांतून आपण सारे हीच गोष्ट चवीने घेत आलो. पण वाचकहो, ही गोष्ट खोटी आहे. सणासुदीला गोड जरूर खावे. गोड खोटे मात्र पचवू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या रानात कुऱ्हाडीच्या आधी कागद पोचला होता. न्यूयॉर्क राज्याचा पश्चिम भाग घ्या. ॲमस्टरडॅमच्या पेढीवाल्यांनी १७९२-९३ साली रॉबर्ट मॉरिस नावाच्या बड्या सटोडियाकडून तिथली सुमारे ३३ लाख एकर जमीन विकत घेतली. ती नांदत्या सेनेका लोकांची होती, आणि त्यांनी ती सोडण्याच्या करारावर सही केली १७९७ साली! सौदा आधी, धन्याची संमती मागाहून. तीही एक लाख डॉलरला, आणि काही पुढाऱ्यांना आतून वेगळे पैसे देऊन. 'बाजारात तुरी' ही म्हण आपण हसत सांगतो. तिथे तुरी बाजारात येण्याआधीच मार बसला, तो शेताच्या धन्याला.

मग कंपनीचा मुखत्यार जोसेफ एलिकॉट बटेव्हिया गावी कचेरी थाटून बसला. थोडी रक्कम आगाऊ, बाकी व्याजासकट हप्त्यांनी. सारे फिटेपर्यंत खरेदीखत मिळायचे नाही. बायकामुले घेऊन रानात आलेल्या माणसाने हा पैसा आणायचा कुठून? धान्य बाजारी न्यावे, तर धड रस्ता नाही. समोर उभे होते ते मेपल, बीच, एल्म यांचे जुनाट वृक्ष. त्याने ते तोडले, ओंडक्यांचे ढीग रचून पेटवले, राख गोळा केली, राखेचे पाणी कढईत आटवले आणि निघालेले पोटॅश विकले. साबणाला, काचेला, लोकर धुवायला ते लागे. कित्येकांच्या हाती पडलेला पहिला रोख पैसा हा असा राखेचा होता. याला कोणी पराक्रम म्हणो. मी याला कर्ज म्हणतो.

आणि तो जितके रान साफ करी, जितकी वाट पाडी, तितका शेजारच्या न विकलेल्या जमिनीचा भाव चढे. घाम याचा आणि वाढ समुद्रापलीकडच्या भागीदाराची! सट्टा म्हणतात तो हाच. १८३६ साली मेव्हिलच्या जमीन-कचेरीवर पिचलेले वसाहतवाले चालून गेले. कचेरी मोडली, कागद जाळले. तोवर रान मात्र कधीच जळून गेले होते.

यावर कोणी म्हणेल, "अहो, गरिबाला उधारीवर जमीन दुसरे कोण देणार होते? मुखत्यारांनी रस्ते केले ते विसरता काय?" विसरत नाही. विल्यम कूपर या जमीनवाल्याने १८१० साली छापलेल्या पुस्तकात अभिमानाने नोंदवले आहे, की १७८६ साली आपण ४०,००० एकर सोळा दिवसांत खपवली आणि घेणारे अगदी गरीब होते. त्याचाच मुलगा जेम्स फेनिमोर कूपर पुढे कादंबरीकार झाला, आणि १८२३ च्या 'द पायोनियर्स'मध्ये त्याने तशाच वसाहतीतली झाडापाखरांची नासाडी रंगवली. बापाने जमा लिहिली, मुलाने खर्च. हिशेब पाहायचा तर दोन्ही पाने उघडली पाहिजेत.

"पण सारे कायदेशीर होते," असे म्हणणाऱ्यांनी जॉर्जियाकडे पाहावे. १७९५ साली तिथल्या विधिमंडळाने सुमारे साडेतीन कोटी एकर जमीन चार कंपन्यांना पाच लाख डॉलरला देऊन टाकली. होकार देणाऱ्या बहुतेक सभासदांचे हात ओले झाले होते. चिडलेल्या लोकांनी नवे विधिमंडळ निवडले. त्याने १७९६ साली तो कायदा रद्द करून कागद जाहीरपणे जाळले. पण १८१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणेच बेकायदा ठरवले, आणि १८१४ साली दावेदारांच्या भरपाईसाठी सरकारी तिजोरीतून ५० लाख डॉलरपर्यंत तरतूद झाली!

दुसरा मार्गच नव्हता, हेही मला पटत नाही. मी पडलो शाळामास्तर, म्हणून एक गोष्ट ध्यानात राहिली आहे. १७८५ च्या जमीन-मोजणीच्या कायद्याने सहा मैल लांब-रुंद पट्ट्याचे ३६ चौकोन पाडले आणि त्यांतला सोळावा शाळेसाठी राखला. म्हणजे मनात आले तर राखता येत होते! रानासाठी मात्र त्यांना एकही चौकोन राखावासा वाटला नाही.

सुटी संपली, की त्या मुलाला मी जवळ बोलावणार आहे. सांगणार आहे, "बाळ, कुऱ्हाड कोणाच्या हाती होती ते तू बरोबर सांगितलंस. आता खातेवही कोणाच्या हाती होती, ते शोधून आण."