देवासात टब कशाला?

बाथटब काढला की घराची किंमत उतरते, असं दलाल सांगतो आणि आपली शिकलेली माणसं मान डोलावतात! देवासला माझ्या साडूभाऊंनी घर विकायला काढलंय. त्यांनाही हेच ऐकवलं गेलं.

अहो, हे तेच देवास, जिथे १९९० साली पाणी रेल्वेनं आणावं लागलं! टब भरायला दीडशे लिटर तरी हवेत. पाच मिनिटांच्या शॉवरला पन्नासच्या आसपास, बादलीला वीस. आमच्या गोव्यात धो धो पाऊस पडतो, तरी आम्ही बादलीनंच आंघोळ करतो. घर बघायला येणारा आधी काय विचारतो? नळ किती वेळ येतो, बोअरला पाणी आहे का, टाकी केवढी. टबात भिजत घातलेले कपडे पाहून तो भाव वाढवणार? आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं टबाची कड ओलांडायची कशी?

धार काय, देवास काय, पवारांची संस्थानं १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. संस्थानी ऐट मात्र न्हाणीघरात उरलीय. टब उखडा, फरशीला नीट उतार द्या, शॉवर लावा. मोकळ्या जागेत वॉशिंग मशीन बसेल. गिऱ्हाईक पैसे मोजेल ते अशा सोयीचे.