झोपेचा भत्ता देता येत नाही

मुलाला वैमानिक करण्यासाठी कर्ज काढणारे आईवडील पगार विचारतात, बढती विचारतात, परदेशातील मुक्कामाचे कौतुक करतात. ‘झोपणार कधी?’ हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. लांब पल्ल्याच्या विमानावरील वैमानिकाच्या आयुष्यातला तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याच्या घरापुरते मर्यादित नाही, मागे बसलेल्या दोन-तीनशे प्रवाशांशीही त्याचा संबंध आहे.

मुंबई-न्यूयॉर्क थेट उड्डाण साधारण 15 ते 16 तासांचे असते आणि दोन्ही शहरांच्या घड्याळांत ऋतूनुसार साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे अंतर असते. मनगटावरचे घड्याळ क्षणात बदलता येते, मेंदूतले नाही. मेंदूच्या तळाशी सुमारे 20 हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. झोप, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, ते उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ प्रकाशानुसार सरकते, पण ढोबळमानाने दिवसाला तासभरच. म्हणजे न्यूयॉर्कशी पूर्ण जुळवून घ्यायला आठवडा तरी हवा. वैमानिक तर दोन-तीन दिवसांत परतीच्या उड्डाणावर असतो. त्याचे शरीर धड मुंबईतही नसते आणि धड न्यूयॉर्कमध्येही नसते.

अशा उड्डाणांवर तीन किंवा चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने विमानातल्या बिछान्यावर झोपतात. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती झोप घरच्या झोपेसारखी गाढ नसते. इंजिनाचा आवाज, कोरडी हवा आणि सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच हवेचा दाब, अशी ती परिस्थिती असते. शिवाय ‘आता तुझी पाळी’ म्हटले की झोप येतेच असे नाही.

शरीराच्या घड्याळाप्रमाणे पहाटे दोन ते सहा या वेळेत सावधपणा सर्वांत कमी असतो. कॉफीने ही घसरण थोडी लांबते, टळत नाही. त्याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले आणि 158 जणांचा मृत्यू झाला. मुख्य वैमानिक उड्डाणात बराच वेळ झोपलेला होता आणि उठल्यानंतरची गुंगी त्याच्या निर्णयांवर परिणाम करणारी ठरली असावी, असे चौकशीत पुढे आले. ते उड्डाण तर जेमतेम चार तासांचे होते. अंतर किती, यापेक्षा वेळ कोणती, हे कधीकधी जास्त महत्त्वाचे ठरते.

थकव्याखेरीज इतरही हिशेब आहेत. उंचीवर वैश्विक किरणांचा मारा जमिनीपेक्षा बराच जास्त असतो. चार वैमानिकांत उतरणे वाटले गेल्याने लांब पल्ल्याच्या वैमानिकाला प्रत्यक्ष विमान उतरवण्याची संधी कमी मिळते. 90 दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे व्हावी लागतात, म्हणून काहींना त्यासाठी सिम्युलेटरवर जावे लागते. गणपती, दिवाळी, मुलांचे वाढदिवस रोस्टरवर अवलंबून असतात. हे सगळे माहीत असून हा व्यवसाय निवडणारे अनेक आहेत, आणि त्यात गैर काही नाही.

गैर आहे ते थकवा बोलून दाखवण्याची भीती. वैमानिकाचा परवाना वैद्यकीय तपासणीवर टिकून असतो. झोप लागत नाही, मन उदास आहे, असे सांगितले तर उड्डाणे थांबतील, या धास्तीने अनेक जण गप्प राहतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका निनावी पाहणीत प्रतिसाद देणाऱ्या वैमानिकांपैकी साडेबारा टक्क्यांहून थोड्या अधिक जणांत नैराश्याची लक्षणे आढळली होती. नाव सांगावे लागत नव्हते म्हणून ते बोलले.

‘एवढा पगार घेतात, मग थोडे जागले तर काय झाले?’ असा युक्तिवाद नेहमी होतो. पगार कौशल्याचा आणि जबाबदारीचा असतो. झोपेचा भत्ता देऊन सावधपणा विकत घेता येत नाही. रातराणीच्या चालकाबाबत आपल्याला हे चटकन पटते, मग गणवेशावर सोनेरी पट्ट्या आल्या म्हणून शरीर का बदलावे?

म्हणूनच विश्रांतीचे नियम महत्त्वाचे ठरतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2024 मध्ये आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास केली आणि रात्रीच्या अवतरणांवर कडक मर्यादा घातली. विमान कंपन्यांच्या विरोधामुळे ते नियम लांबले आणि 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी हाल सोसत राहिले आणि कंपनीला रात्रीच्या नियमांत तात्पुरती सवलत मिळाली. हाल खरेच होते. पण पुरेसे वैमानिक न नेमण्याचा दोष नियमाच्या माथी मारणे योग्य नव्हते. मुदत आधीपासून ठरलेली होती.

उपायही माहीत आहेत. नासाच्या अभ्यासात प्रशांत महासागरावरील उड्डाणांत वैमानिकांना आळीपाळीने 40 मिनिटांची संधी दिली, तेव्हा ते सरासरी 26 मिनिटे झोपले आणि नंतर अधिक सावध राहिले. एक जागा असताना दुसऱ्याने ठरवून घेतलेली डुलकी ही शिस्त आहे. चोरून लागलेली डुलकी हा धोका आहे. ‘मी थकलो आहे’ असे कळवणाऱ्या वैमानिकाला शिक्षा, पगारकपात किंवा टोमणे मिळणार नाहीत, याची हमी कंपन्यांनी दिली पाहिजे आणि महासंचालनालयाने ती तपासली पाहिजे.

आपल्यालाही थोडे बदलावे लागेल. वैमानिकाची कामाची मर्यादा संपली म्हणून विमानाला उशीर झाला, अशी घोषणा ऐकली की चिडण्याआधी एवढे लक्षात ठेवावे, की तो नियम आपल्यासाठीच पाळला गेला आहे.