साक्रीची उत्पादकता पहिल्या तीन यत्तांत

साक्री तालुक्यात भांडवल आलंच नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरताहेत, शिवाजीनगरचा महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून वीज देतो आहे, सुरत-नागपूर महामार्ग तालुक्यातूनच जातो. तरी या पट्ट्यातली आदिवासी कुटुंबं दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. यंत्रं तालुक्यात आली, या कुटुंबांच्या हातात कोयताच राहिला. असं का, याचं एक उत्तर शिकण्यात आहे. एरिक हानुशेक आणि लुडगर व्होसमान या अर्थतज्ज्ञांनी 1960 ते 2000 या काळातली 50 देशांची वाढ तपासली, तेव्हा मुलं किती वर्षं शाळेत होती यावरून तिचा फारसा उलगडा होईना. गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतले गुण हिशेबात धरताच शालेय वर्षांचा प्रभाव जवळपास पुसला गेला. 1960 मध्ये लॅटिन अमेरिका शाळेच्या वर्षांत पूर्व आशियापेक्षा मागे नव्हती. मागे होती ती शिकण्यात, आणि पुढे उत्पन्नातही पडली. आपण मात्र अजून पट मोजतो. ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त 42.8 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. 2009 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल तळाशी गेले, त्यावर आपला उपाय म्हणजे पुढच्या फेऱ्यांना न बसणं!

श्रीमंत देशांना चांगल्या शाळा परवडतात, म्हणजे कारण उलटंच असेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर हानुशेक आणि व्होसमान यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरितांची कमाई पाहिली. मायदेशी शिकून आलेल्यांची कमाई मायदेशाच्या गुणांप्रमाणे कमी-जास्त होती. त्याच देशांतून येऊन अमेरिकेत शिकलेल्यांत तसा संबंध दिसला नाही. पुरावा निर्विवाद नसेल, पण वजनदार आहे. ‘आधी पाणी द्या, मग वाचनाचं बोला’ हा साक्रीतला आक्षेप अधिक खरा. पाण्याशिवाय शेती नाहीच. पण जळगावात बनणारं ठिबक शेतात बसवलं तरी विद्राव्य खताचं प्रमाण पिशवीवर वाचूनच ठरवावं लागतं, आणि ते वाचन पहिल्या तीन यत्तांतच पक्कं व्हायला हवं. शिकलेली पोरं पुण्या-सुरतेला निघून जातील, हेही खरंच. जाऊ देत, उचलीत अडकून जाण्यापेक्षा पगार ठरवून गेलेलं बरं. तोडणीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तिच्या अहवालात किती मुलं राहिली याआधी, एप्रिलमध्ये त्यातली किती वाचू लागली, हा रकाना हवा.