परदेशी स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांनी नवगावची हकीकत पाहावी



रायगडच्या किनाऱ्यावरील आपल्या कित्येक घरांतील मुलगा आज आखातात किंवा इंग्लंड-अमेरिकेत नोकरीस आहे. पूर्वी तो एकटाच जाई व मनिऑर्डर पाठवी. आता पत्नी व मुले यांना घेऊन कायमचेच तिकडे राहावे, असा विचार घरोघर चालू झाला आहे. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांना दूरदेशाची ओढ वाटावी यात नवल नाही. परंतु विमानाचे तिकीट म्हणजे समतेची सनद, असे जे समजतात त्यांनी याच किनाऱ्यावरून गेलेल्या एका समाजाची हकीकत नीट पाहावी.

अलिबागजवळच्या नवगावी बेने इस्रायल लोकांची जुनी दफनभूमी आहे. आपले पूर्वज गलबत फुटून येथे किनाऱ्यास लागले, असे त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालविणारे हे यहुदी शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बोली मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली. १९४८ साली इस्रायलचे राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील वर्षांत यांतील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. येथे धर्मासाठी त्यांचा छळ झाला होता असे नाही. तेथे आपण आपल्या माणसांत असू, हा विश्वास त्यांना घेऊन गेला.

त्या विश्वासाचे काय झाले? काम, घर आणि वागणूक यांत आमच्या रंगावरून भेद केला जातो, अशी तक्रार बीरशेबा येथे वसविलेल्या काही कुटुंबांनी केली. १९५१ साली त्यांनी तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कार्यालयापुढे धरणे धरले आणि ‘आम्हांस परत पाठवा’ अशी मागणी केली. १९५२ साली शंभरावर माणसे मुंबईस परत आली. त्यांतील कित्येकांना पुढे पुन्हा इस्रायलला जावेसे वाटले. अशांना चंचल म्हणून हसणे सोपे आहे. पोराबाळांसह दोनदा घर मोडण्याची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्यानेच ते हसावे.

दुसरा घाव अधिक खोल होता. त्या देशात यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारात आहेत. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, आजीची आणि जितके मागे जाता येईल तितकी वंशपरंपरा तपासून मगच विवाहास संमती द्यावी. वकील या नात्याने मला यातील मर्म असे दिसते की, आदेशात नाव एकाच समाजाचे होते. पुराव्याचा भार त्या एकट्याच्या शिरावर टाकला होता. तुमचे मूळ कोणते, हा प्रश्न कोणाला विचारला जातो आणि कोणाला कधीच विचारला जात नाही, हे या पत्राच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु त्यांनी काय केले ते पाहा. १९६४ च्या उन्हाळ्यात ही माणसे जेरुसलेममध्ये बायकामुलांसह सत्याग्रहास बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत, असा ठराव केला आणि त्यानंतर आदेशातून त्यांचे नाव धर्मपीठाला काढावे लागले. आपण कोण हे लपवून त्यांनी हे मिळविले नाही. बेने इस्रायल म्हणूनच ते रस्त्यावर बसले. मराठीही त्यांनी टाकून दिली नाही. त्यांचे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलमधूनच निघाले.

आपल्यातील काही सुशिक्षित बंधू परदेशी जाताना आडनाव बदलतात, घरातील तसबीर आतल्या खोलीत नेतात. त्यांची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. जात आपल्या देशबांधवांच्या सामानातूनच समुद्रापार जाते. तसे नसते तर २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिएटल शहराला जातिभेदास मनाई करणारा कायदा करावा लागला नसता. पण तो कायदाही ‘आमच्याशी भेद होतो’ असे उघड सांगणाऱ्यांमुळे झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक तेथील राज्यपालांनी नाकारले, हेही ध्यानात असू द्या.

आता थोडे कागदांविषयी. वकिलाला कागदापलीकडे काही दिसत नाही अशी थट्टा होते, होऊ द्या. आपले विवाह बौद्ध पद्धतीने होतात आणि पुष्कळ घरांत त्याचा पुरावा म्हणजे भिंतीवरचे छायाचित्र. परक्या देशाच्या वकिलातीत ते चालत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या अधिनियमाखाली विवाहाची नोंद करून घ्या. शाळेचा दाखला, जन्माची नोंद व पारपत्र यांत पत्नीचे नाव एकसारखे आहे ना, ते निघण्यापूर्वी पाहा. तिचे पारपत्र व दाखले तिच्याच हाती असावेत, नवऱ्याच्या पेटीत नव्हे. आणि परदेशी मूल जन्मले, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करा. ३ डिसेंबर २००४ पासून अशा नोंदीवाचून त्या मुलाला केवळ आईबापांच्या नात्याने भारताचे नागरिकत्व मिळत नाही. वर्ष उलटून गेल्यास केंद्र सरकारची परवानगी मागावी लागते.